स्टेजवरचा बँड थांबला तेव्हा

या फोरमवरचे जुने वाचक मला ओळखत असतील. कुणी चकव्याचा, हडळीचा, घाटात लिफ्ट मागणाऱ्या बाईचा अनुभव टाकला की खाली "झोप पूर्ण करा, ॲसिडिटीची गोळी घ्या" अशी कमेंट करणारा तो मीच. बऱ्याच जणांनी मला शिव्या घातल्यात, ॲडमिननी एकदा समजही दिली आहे. आज त्याच लोकांसमोर हे लिहायला बसलोय... तेव्हा हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, तुमचा हक्कच आहे. फक्त एक सांगतो — मी भूत वगैरे पाहिलेलं नाही. मी एक लाइव्ह कार्यक्रम पाहिला. भर दुपारी, ट्यूबलाइट चालू असताना, चांगल्या चार-पाच शहाण्या माणसांच्या सोबतीनं.

मी पिंपळवंडीचा, तालुका जुन्नर. २००९ साली माझा ओतूरला एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे होता. कॅफे म्हणजे काय, सहा कॉम्प्युटर, प्लायवूडच्या सहा खोपट्या आणि एक इन्व्हर्टर. कॉलेजची पोरं रिझल्ट बघायला यायची, शेतकरी सातबारा मिळतो का विचारायला यायचे. शेजारी रमेशचं चहाचं दुकान होतं, आणि त्याचं निम्मं गिऱ्हाईक माझ्याच दारात उभं असायचं.

आता बँडचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

माझे वडील — आम्ही त्यांना बापू म्हणायचो — लग्नातल्या बँडचे मास्तर होते. गुलाब ब्रास बँड, पिंपळवंडी. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, टोपीला तुरा. बापू क्लॅरनेट वाजवायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ सहादू, म्हणजे माझा काका, ट्रम्पेट. नव्वदच्या आसपास जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आमच्या बँडची तारीख मिळाल्याशिवाय लोक लग्नाची तिथी धरायचे नाहीत, असं आई सांगते. आईला थोडं वाढवून सांगायची सवय आहे, पण फार नाही.

बापूंचा एक नियम होता, आणि तो आमच्या भागातल्या सगळ्याच जुन्या बँडवाल्यांचा होता. वरात कितीही रंगात आलेली असो, वाटेत दुःखाचं घर लागलं, म्हणजे ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय असं घर, की बँड बंद. वाद्यं खाली, टोप्या काढून छातीशी, आणि नुसतं चालत पुढं जायचं. घर मागं पडलं की साइड ड्रमवाला काडीचा एक टोला द्यायचा — टक् — की टोप्या डोक्यावर आणि बँड पुन्हा सुरू. नवरदेवाचा बाप आमदार असला तरी यात बदल नाही. बापू म्हणायचे, "आपुन लोकांच्या आनंदाचं खातो. पन दुसऱ्याच्या दुःखावर पाय दिऊन न्हाई."

१९९७ च्या उन्हाळ्यात घोडेगावच्या पुढं एका गावात लग्न होतं. वरात चालली होती, पोरं बेफाम नाचत होती. वाटेत एक घर लागलं. आदल्याच दिवशी त्या घरातला तरणा मुलगा गेलेला. बापूंनी क्लॅरनेट खाली केलं, ढोल थांबला, झांज थांबली... आणि काका वाजवतच राहिला. एकटा. पुढ्यात पोरं नाचताहेत, "काका, और जोर से!" असं ओरडताहेत, आणि काका डोळे मिटून ट्रम्पेट आभाळाकडं करून वाजवतोय. त्या घरातली बाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. नुसती बघत राहिली. बापूंनी तिच्याकडं पाहिलं, मागं फिरले आणि काकाच्या तोंडातल्या ट्रम्पेटवर फाडकन हात मारला. काकाचा वरचा ओठ फाटला आणि पुढचा एक दात गेला.

ट्रम्पेटवाल्याचा ओठ म्हणजे त्याचं पोट. काका वर्षभर वाजवू शकला नाही. काका म्हणायचा, "माझं डोळं मिटल्यालं व्हतं, मला दिसलंच न्हाई. आन् दिसलं असतं तरी भरल्या वरातीत लहान भावावर हात टाकायचा व्हता का?" बापू म्हणायचे, "डोळं मिटल्यालं व्हतं, कान बी मिटल्यालं व्हतं का? ढोल थांबल्याला कळत न्हाई?" दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच ते मिटलं नाही.

बँड फुटला. तशीही पुढं डीजेची लाट आलीच होती. दोन भावांच्या घरांत एकच भिंत, पण बारा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. निरोप जायचे ते माझ्या आईमार्फत. "त्याला सांग, पाण्याची पाळी उद्या आपली हाय." आई अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "भावजी, उद्या पाण्याची पाळी आमची हाय बरं का," आणि काका भिंतीपलीकडून बापूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "ऐकलंय म्हनाव, भैरा न्हाई मी." मी लहानपणापासून या तमाशाला हसत आलो होतो. पण बापूंना बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, एकदा छातीत कळ येऊन मंचरच्या दवाखान्यात दोन दिवस काढले, तेव्हापासून मला भीती वाटायला लागली की हे दोघं असेच न बोलता जातील. मला बाकी काही नको होतं. एकदा दोघांनी तोंडानं "जेवला का" म्हणावं, बस्स.

२००९ च्या सुरुवातीला पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या बँडची रेकॉर्डिंग जमवायचा त्यांना नाद होता. आमच्या बँडची कुठल्याशा लग्नातली कॅसेट त्यांच्या हाती लागली होती, आणि युरोपातल्या एका गावात दर उन्हाळ्यात होणाऱ्या ब्रास बँडच्या महोत्सवात त्यांना तोच जुना बँड न्यायचा होता. बापूंनी त्यांना चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"ट्रम्पेटला कोन?"

"सहादूभाऊच. ते हो म्हणालेत."

"मंग ऱ्हाऊ द्या. नमस्कार," बापू म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

काका मात्र इरेला पेटला. जुनी माणसं गोळा केली, बापूंच्याच हाताखाली शिकलेल्या एकाला क्लॅरनेटला घेतलं. सगळ्यांचे पासपोर्ट काढता काढता पुण्याच्या त्या गृहस्थांचे केस पिकले. मोठा ढोल वाजवणारे विठूमामा तेवढे मागं राहिले, कारण त्यांचे गुडघे गेले होते; ढोल दुसऱ्यानं घेतला. देवळाच्या शेडमध्ये बारा वर्षांनी बँडची तालीम सुरू झाली. बापू अंगणात बाजेवर बसून पेपर वाचायचं नाटक करायचे. "बेसूर हाय. निम्मं बेसूर हाय," असं पुटपुटायचे, पण मांडीवर त्यांची बोटं क्लॅरनेटच्या भोकांवर चालावीत तशी चालायची. आई मला डोळ्यानं खुणवायची.

बँड गेला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काकाचा तिकडून आईला फोन आला. आईनं सवयीप्रमाणं सगळा वृत्तांत अंगणात उभं राहून मोठ्यानं सांगितला. झालं होतं असं की जन्मभर वरातीत चालत वाजवलेली ही माणसं, त्यांना एका जागी उभं राहून वाजवताच येईना. तालमीला स्टेजवर उभे केले, चाल सुरू झाली आणि अख्खा बँड सरळ पुढं निघाला. पुढचे दोघं स्टेजच्या कडेवरून खाली पडता पडता राहिले! तिथल्या लोकांनी प्रत्येकाच्या पायाखाली चिकटपट्टीची फुली मारून दिली, तरी पाय काही राहीनात. शेवटी ठरलं की स्टेजवरच गोल फिरायचं. बापूंनी पेपर तोंडापुढं धरला होता, पण पेपर हलत होता. ते हसत होते.

महोत्सवाच्या वेबसाइटवर कार्यक्रम लाइव्ह दिसणार होता. मी बापूंना आठवडाभर आधीपासून सांगत होतो. "मला काय करायचंय," एवढंच उत्तर. आणि त्या दिवशी, श्रावणातला शनिवार होता, मी गाडीला किक मारतोय तर बापू इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी घालून मागं उभे.

"मला बी ओतूरला सोड. डोळ्याचा नंबर तपासायचाय."

"शनिवारी डोळ्याचा डॉक्टर नसतो म्हनं ओतूरला," आई दारातून म्हणाली.

"मंग बसंन ह्या गण्याच्या दुकानात. तुला काय त्रास?" असं म्हणून ते गाडीवर बसले. सबंध रस्ता त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. इतकी वर्षं झाली, तो हात मला अजून जाणवतो.

तिकडं दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडं साडेतीन. लोडशेडिंगची वेळ होती म्हणून इन्व्हर्टर सकाळपासून चार्ज करून ठेवला होता आणि बाकीचे पाचही कॉम्प्युटर बंद केले होते, म्हणजे नेट सगळं एकालाच मिळेल. मॉनिटर काउंटरवर मांडला, मोठे स्पीकर लावले. बघायला बापू, विठूमामा, चहावाला रमेश, कॉलेजचे एक फिजिक्सचे सर — हे सर माझ्याहून कट्टर, भुताखेतांच्या विरोधात व्याख्यानं देणारे — आणि मी. दारात आणखी एक-दोघं डोकावत होते.

चित्र पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत येत होतं. आधी नुसती गोल चकरी फिरत राहिली, रमेश म्हणाला, "भाऊ, ह्याच्यापेक्षा यष्टीनं गेलो असतो तर पोचलो असतो." मग एकदम स्टेज दिसलं. एक गोरी बाई काहीतरी बोलली, टाळ्या झाल्या आणि आमचा बँड आला. लाल कोट. तुरे. सगळ्यांत पुढं काका.

काय सांगू... माझ्या अंगावर काटा आला. गावच्या हळदीत वाजणारी चाल, आणि समोर हजारभर गोरी माणसं. पहिलं कडवं संपलं-न-संपलं तोच यांचे पाय सुटले. अख्खा बँड रांगेनं स्टेजवर गोल फिरायला लागला. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी उठून टाळ्यांचा ठेका धरला. विठूमामा काउंटरवर दोन्ही हातांनी ढोल बडवत होते. "निघाली बघ वरात! निघाली!"

बापू गंभीर. प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेले. "क्लॅरनेट दबतंय," म्हणाले. मग, "झांज घाईत हाय." काकानं एक लांब सूर घेतला, घेतला तो सोडेचना, लोक ओरडायला लागले. तेव्हा बापू हळूच म्हणाले, "सह्याचा दम अजून हाय."

सह्या! बारा वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. "तो", "त्याला", फार तर "शेजारी". मला इतका आनंद झाला की मी सरांच्या पाठीवर थाप मारली. आज घरी गेल्यावर काकाला फोन लावायचा आणि बापूंच्या कानाला लावायचा, हे मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

दुसरा फेरा सुरू होता. बँड स्टेजच्या डाव्या अंगाला आला आणि आवाज बंद पडला.

मी म्हटलं, गेली वायर. स्पीकरच्या मागं हात घातला. सर म्हणाले, "म्यूट झालं का बघ." तेवढ्यात बापू म्हणाले, "हात लावू नगंस. आवाज गेल्याला न्हाई. त्यांनी बंद केलंय."

मी पडद्याकडं पाहिलं.

काकानं ट्रम्पेट खाली केलं होतं. क्लॅरनेट खाली होतं. ढोलाच्या काड्या काखेत होत्या. सगळ्यांनी टोप्या काढून छातीशी धरल्या होत्या आणि माना खाली घालून, रांगेनं, ते नुसते चालत होते. आणि स्पीकर चालू होता, हे लक्षात घ्या. लाकडी फळ्यांवर त्यांचे बूट वाजत होते, ते ऐकू येत होतं. गर्दीत कुठंतरी एक लहान मूल काहीतरी बोललं, तेही ऐकू आलं. हजार माणसं गप्प झाली होती.

विठूमामा उभे राहिले. त्यांचे गुडघे गेलेले, उठायला त्यांना आधार लागायचा, पण कसे कोण जाणे उठले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. सवय हो, दुसरं काय. रमेश म्हणाला, "मामा, काय झालं?" मामा म्हणाले, "दुःखाचं घर आलं." मग स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले, "पन स्टेजवर कुठलं घर?"

बापूंचा चेहरा मी बघितला. आयुष्यात तसा बघितला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"बघ गणा. सह्या थांबला. म्होरं हाय ना, तोच पयला थांबला. म्या सांगायच्या आदी थांबला."

"हो बापू," मी म्हटलं. मला वाटलं, काकानं मुद्दाम केलं असणार. बापू बघताहेत हे आईनं त्याला सांगितलं असणार, आणि हजार लोकांसमोर त्यानं ही माफी मागितली असणार. मी परत पडद्याकडं वळलो, कारण बापूंसमोर रडायची लाज वाटत होती.

"कुनाच्या दारावरनं चाललेत?" बापूंनी मागून विचारलं. आवाज अगदी साधा होता, वाटेवरच्या माणसाला पत्ता विचारावा तसा.

बँड चालत राहिला. स्टेजच्या दुसऱ्या कडेला पोचला. मग साइड ड्रमवाल्यानं काडी उचलली — टक् — टोप्या डोक्यावर गेल्या आणि सगळा बँड पहिल्यापेक्षा दुप्पट जोरात सुरू झाला.

"बापू, झालं सुरू!" असं म्हणत मी वळलो.

बापू खुर्चीत तसेच बसले होते. मान थोडी डाव्या खांद्यावर. एक हात मांडीवर, आणि दुसऱ्या हातात टोपी. त्यांनीही टोपी काढली होती. मी हाक मारली, हलवलं. सरांनी नाडी बघितली आणि माझ्याकडं बघितलंच नाही. रमेशनं समोरच्या दवाखान्यातून डॉक्टरांना हाताला धरून आणलं, त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि मान हलवली. आणि हा सगळा वेळ स्पीकरवर लग्नाची चाल वाजत होती, कारण कुणाला बंद करायचं सुचलंच नाही. शेवटी विठूमामांनी भिंतीवरचं बटण दाबलं.

मला जबर धक्का बसला होता, रडूही येत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती... आम्ही पाच जण ज्या दुकानात बसलो होतो, ते दुःखाचं घर झालं होतं, आणि ते आम्हाला कळायच्या आधी सातासमुद्रापलीकडच्या बँडला कळलं होतं.

संध्याकाळी पुण्याच्या गृहस्थांच्या फोनवर काका मिळाला. बातमी ऐकून तो लहान मुलासारखा ओरडला. मी त्याला म्हटलं, "काका, पण तुम्ही थांबलात ते बापूंनी पाहिलं. त्यांनी तुमचं नाव घेतलं. ते समाधानानं गेले."

"कुठं थांबलो?" काका म्हणाला.

"स्टेजवर. टोप्या काढून थांबलात ते."

"गणा, येडा झाला का रं? आमी कुठंच थांबलो न्हाई. पहिल्यापास्नं शेवटपत्तूर येकसारखं वाजवलं."

मला राग आला. मला वाटलं धक्क्यानं त्याला काही सुचत नाहीये. फोन त्या गृहस्थांना द्यायला सांगितला. ते सावकाश, समजुतीच्या आवाजात म्हणाले, "नाही हो. मी स्टेजच्या बाजूलाच उभा होतो. एक क्षणही वादन थांबलं नाही."

महिन्याभरानं ते महोत्सवाच्या रेकॉर्डिंगची सीडी घेऊन आले. त्याच काउंटरवर, त्याच मॉनिटरवर आम्ही ती लावली. तेच स्टेज, तीच बाई, तीच चाल. रांगेनं फिरणं आलं, काकाचा तो लांब सूर आला. दुसरा फेरा. बँड डाव्या अंगाला आला... आणि वाजतच राहिला. काकाचे गाल फुगलेले, ढोल घुमतोय, सगळ्यांच्या टोप्या डोक्यावर. मी ती सीडी इतक्या वेळा पाहिली की तिच्यावर ओरखडे पडले. कुठं काटछाट नाही, उडी नाही. महोत्सववाल्यांना विचारलं, त्यांच्याकडून एकच प्रक्षेपण गेलं होतं आणि बाकी कुणीही असं काही पाहिल्याचं कळवलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. नेट स्लो होतं, चित्र अडकलं असेल. मान्य. पण नेट स्लो झाल्यानं टोप्या निघत नाहीत. बापूंचं पाहून आमचा भ्रम झाला असेल म्हणावं, तर आमच्यापैकी कुणालाच तेव्हा बापूंना काही होतंय हे माहीत नव्हतं. रमेशला तर तो रिवाज काय असतो हेही ठाऊक नव्हतं. फिजिक्सच्या सरांनी दोन दिवस विचार केला आणि मला म्हणाले, "गणेश, मी जे पाहिलं ते पाहिलं. पण मी ते कुठं बोलणार नाही, आणि तूही माझं नाव घेऊ नकोस." म्हणून नाव लिहिलेलं नाही.

काकाला मात्र वाटत होतं, मी त्याच्या समाधानासाठी हे रचलंय. तसं त्यानं मला तोंडावर म्हटलं नाही, पण एक दिवस तो एकटाच ओतूरला आला आणि माझ्या दुकानात न येता आधी रमेशकडं गेला. मग कॉलेजवर जाऊन सरांना गाठलं. विठूमामांकडं तो आदल्या दिवशीच जाऊन आला होता. सगळ्यांना वेगवेगळं विचारून, दुपारी माझ्याकडं येऊन बसला. बापू बसले होते त्याच खुर्चीवर. त्याला ते माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

"समदे येकच सांगत्यात," तो म्हणाला. "कोन कुठं व्हतं, कवा टोपी काढली, समदं येकच."

"मग काका, आता तरी पटलं ना?"

तो ओठावरच्या जुन्या व्रणावरून बोट फिरवत राहिला.

"तुमी पाह्यलं आसंल. पन मी थांबलो न्हाई रे गणा. त्या बाईच्या दारात बी न्हाई थांबलो, आन् माझा भाऊ जात व्हता तवा बी न्हाई थांबलो. लई जोरात वाजवत व्हतो मी. लोक टाळ्या देत व्हते." त्याचा आवाज चिरकला. "दादानं मला माफ केलं ते मी न केलेल्या गोष्टीसाठी."

"काका, तुम्हीच होतात तिथं. तुमचीच चाल. डावा खांदा पाडून चालता ना तुम्ही, तसंच. बापू तुम्हाला ओळखायला चुकतील का?"

काकानं डोळे पुसले, मॉनिटरच्या काळ्या पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला,

"मंग त्यो जो कोन व्हता, त्यो माझ्यापरीस बरा व्हता."

मी रमेशला दोन चहा सांगितले आणि आम्ही ते प्यायलो. त्या दिवशी आम्ही नक्की काय पाहिलं, हे मला आजही माहीत नाही. काकालाही नाही.